बदलता येणारी टाच

पावसाळ्यातली संध्याकाळ. पुण्यातल्या मंडईच्या मागच्या अंगाला फुटपाथवर बसणाऱ्या मोचीकाकांसमोर एक तरुण उभा होता. ऑफिसचे काळे बूट. वरचं कातडं अजून तुकतुकीत, शिवण कुठे उसवलेली नाही, आतलं अस्तरसुद्धा शाबूत. फक्त उजव्या बुटाची टाच मागच्या बाजूला, बाहेरच्या कोपऱ्यात झिजून उघडी पडली होती. काकांनी बूट उलटा करून त्या भोकात आरीचं टोक फिरवलं, तशी आतून दोन खडे आणि चमचाभर गढूळ पाणी बाहेर आलं. आत नुसती पोकळी. पातळ उभ्या-आडव्या भिंती आणि मधे हवा. "काका, वरून काहीतरी ठोकून द्या ना," तो म्हणाला. "कशात ठोकू दादा? खिळा धरायला आत काही पाहिजे ना. टाच वेगळी असती तर पाच मिनिटांचं काम होतं." त्याने बूट पायात घातले आणि गेला.

काकांचं ते शेवटचं वाक्य तेव्हापासून डोक्यात बसलं आहे.

बूट मरतो तो बहुतेक वेळा टाचेच्या त्या एका कोपऱ्याने. पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा घासते आणि तिच्यापायी कातडं, अस्तर, शिलाई, सगळंच कचऱ्यात जातं. हल्लीचे बरेचसे सोल एकाच साच्यातून निघतात. टाच आणि तळवा एकजीव. टीपीआरच्या, म्हणजे वितळवून साच्यात ओतता येणाऱ्या रबरासारख्या प्लास्टिकच्या, सोलमध्ये टाच मुद्दाम पोकळ ठेवतात, कारण भरीव टाच जड होते, माल जास्त खाते आणि साच्यात थंड होताना तिच्यावर खळगे पडतात. बाहेरची भिंत असते तीन-चार मिलिमीटरची. ती घासली की खालची पोकळी उघडी. पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, सोलची तऱ्हा वेगळी. तो फेसाचा, त्यात खिळा बसतो पण टिकत नाही, चार दिवसांत हलायला लागतो. सोल्युशन लावून पट्टी चिकटवावी तर साच्यातून सोल सुटावा म्हणून फवारलेलं मेणकट द्रव्य पृष्ठभागावर राहिलेलं असतं, ते आधी कानशीने घासून काढल्याशिवाय काही चिकटत नाही. शिवाय कपाटात दोन-तीन वर्षं जपून ठेवलेला बूट लग्नाच्या दिवशी बाहेर काढावा आणि मांडवात पोचेपर्यंत सोलचा भुगा व्हावा, हा प्रकार पुण्यात घरोघरी माहीत आहे. हवेतल्या दमटपणाने त्या जातीच्या पीयूची साखळी आतल्या आत तुटत जाते. त्यावर टाच बदलून इलाज होत नाही. म्हणजे बदलती टाच करायची तर ती ज्याच्यावर बसणार तो पाया आधी भरीव आणि टिकाऊ हवा, ही पहिली अट.

खरं तर टाच पूर्वापार वेगळीच होती. कातड्याचे चार-पाच मिलिमीटर जाडीचे थर एकावर एक रचून, मधे खिळे मारून टाच उभी करायची, आणि जमिनीला लागणारा शेवटचा थर झिजला की तेवढाच उखडून नवा ठोकायचा. त्यावर अजून एक उपाय म्हणजे नाल. टाचेच्या मागच्या कडेला लोखंडाची अर्धगोल पट्टी तीन-चार खिळ्यांनी मारली की कातडं घासतच नाही, घासतं ते लोखंड. वाड्याच्या दगडी चौकात नाल मारलेलं पायताण आलं की माणूस दिसायच्या आधी ऐकू येई. नालेची खोड एकच. घोटलेल्या शहाबादी फरशीवर, त्यातून ती ओली असेल तर, लोखंड सटकतं. आणि खिळ्याला गंज चढला की त्याच्या भोवतीचं कातडं काळं पडून ठिसूळ होतं, कारण झाडाच्या सालीत कमावलेल्या कातड्यातलं टॅनिन लोखंडाशी लगेच जुळतं. भोक मोठं होतं, खिळा निसटतो, नाल रस्त्यात पडते.

रबराची टाच आली ती वेगळ्याच त्रासावर उतारा म्हणून. १८९९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावच्या हम्फ्री ओ'सलिव्हन याने तिचं पेटंट घेतलं. तो छापखान्यात कामाला होता. दिवसभर कडक जमिनीवर उभं राहून पाय भरून येत. त्या काळच्या रबरी टाचांचे नमुने पाहिले तर दोन गोष्टी लक्ष वेधून घेतात. एक, खिळ्याच्या प्रत्येक भोकात रबराच्या आत लोखंडी वायसर बसवलेला असे. तो नसेल तर खिळ्याचं डोकं मऊ रबरातून आरपार निसटतं आणि टाच हातात येते. दुसरी, टाचेची वरची, म्हणजे बुटाला चिकटणारी बाजू सपाट नसून किंचित खोलगट असे. मधे खिळे आवळले की कडा बुटावर दाबून बसत आणि फट राहत नसे. फट राहिली की तिच्यात वाळू जाते आणि वाळू गेली की ती आतून दोन्हीकडे घासत बसते. शंभरावर वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी ही गोष्ट ओळखली होती. ती पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये फिरत्या टाचा विकल्या जात. गोल रबरी चकती, मधोमध एकच स्क्रू. चालताना ती हळूहळू स्वतःभोवती फिरायची आणि त्यामुळे सगळीकडून सारखी झिजायची. कल्पना सुरेख आहे. अडचण अशी की टाच गोल नसते. तिचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा, पुढे सरळ आणि मागे गोलाई. त्यात गोल चकती बसवली की पुढचे दोन कोपरे उघडे राहतात, आणि चकती कडेपर्यंत न्यावी तर फिरताना ती बाजूला डोकावते. शिवाय सगळा भार एका स्क्रूवर. तो ढिला झाला की प्रत्येक पावलाला टकटक.

आता टाच झिजते कशी ते नीट पाहायला हवं, कारण जोड कुठल्या दिशेने घालायचा हे त्यावर ठरतं. चालताना पाय जमिनीला टेकतो तो मागच्या बाहेरच्या कोपऱ्याने. त्या क्षणी पाय पुढे सरकत असतो, म्हणून जमीन टाचेला मागे ओढते. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत खाली दाबणारा भार क्षणभर ऐंशी किलोपर्यंत जातो आणि मागे ओढणारा जोर साधारण दहा ते चौदा किलोचा असतो. उतारावर तो वाढतो. पाय पुढे ढकलायची वेळ येते तेव्हा टाच हवेत असते, तिथे चवडा काम करतो. म्हणजे टाचेवरचा घासणारा जोर जवळजवळ नेहमी मागच्याच दिशेला. दिवसाला सहा हजार पावलं धरली तर एका टाचेच्या वाट्याला तीन हजार, वर्षाला अकरा लाखांच्या आसपास. अकरा लाख वेळा जमीन त्या रबराला मागे खेचते आहे. त्यात पुण्याच्या रस्त्यावरची धूळ काळ्या दगडाची. नदीची वाळू गोलसर असते. बांधकामांवर हल्ली सर्रास वापरतात ती दगड दळून केलेली वाळू टोकदार. ती रबरालाही खाते आणि जोडाच्या खाचेत गेली तर रुतून बसते.

काढता-घालता येणाऱ्या टाचेचे बरेच नमुने इथेच फसतात. रेल आणि खाच असा जोड ठेवायचा, म्हणजे टाचेवर एक लांब पट्टी आणि वरच्या पायाला ती सरकेल अशी खाच, आणि टाच मागून पुढे सरकवून बसवायची, कारण मागून बोटाने ढकलणं सोपं, दिसायलाही साफ. पण मग अकरा लाख वेळा जमीन तिला बाहेरच ओढणार. कुठलाही खटका, कुठलीही कळ याला पुरी पडत नाही. आज ना उद्या टाच बसच्या पायरीवर राहते आणि माणूस पुढे जातो. उलट टाच पुढून मागे सरकवून बसवली आणि मागच्या कडेला भरीव अडसर ठेवला, तर प्रत्येक पाऊल तिला अडसरावर घट्ट दाबतं. चालण्यानेच जोड आवळला जातो. टाच पुढे निसटायचा प्रसंग एकाच वेळी येतो: जिना उतरताना टाचेचा मागचा भाग पायरीच्या काठाला घासतो तेव्हा. पर्वतीच्या दगडी पायऱ्या उतरताना हे सारखं होतं. तेवढ्यासाठी पुढून एक स्क्रू पुरतो. त्याच्यावर चालण्याचा भार येतच नाही, तो फक्त राखण करतो.

बाकीचे जोड मी बाजूला ठेवतो, आणि त्याला कारणं आहेत. लोहचुंबक सरळ ओढला तर जोरात धरतो, पण बाजूला सरकवला तर सहज सुटतो, आणि टाचेला झटका बाजूनेच बसतो. त्यातून भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये दिवसभर वावरलं तर संध्याकाळी टाचेभोवती लोखंडाच्या किसाची दाढी उगवलेली असेल. पिळून बसवायची टाच, म्हणजे बल्बसारखी पाव फेरा फिरवून, ही कागदावर उत्तम. पण माणूस टाचेवर गर्रकन वळतो तेव्हा तोच पाव फेरा उलटा पडतो. एका पायाला जोड आवळतो, दुसऱ्याला सुटतो. बटणासारखे खटके रबरातच ओतले तर काही महिन्यांत ते दबून जातात. रबर सतत दाबून धरलं की पूर्ववत होत नाही, आणि मग खटक्यात सैलपणा येतो. बायकांच्या उंच, बारीक टाचेच्या खालची टिप मात्र याला सन्माननीय अपवाद आहे. टाचेच्या पोटातल्या पोलादी नळीत तीनेक मिलिमीटरची पिन ठोकून बसवलेली, पकडीने ओढून काढायची, नवी ठेवून हातोडीने दोन ठोके. तुळशीबागेच्या आसपासचा कोणताही मोची ते उभ्या उभ्या करून देतो. साठ किलोचा भार चौरस सेंटिमीटरवर येत असताना ती टिप टिकते कारण तिथे दाब सरळ नळीच्या दिशेने जातो. पुरुषांच्या रुंद टाचेला तोच उपाय लावला तर पिना तीन लागतील, आणि तीन पिना एकाच वेळी सरळ ओढून काढणं हाताने होत नाही.

तर रेलकडे परत. मापं धरू आठ नंबरच्या पुरुषी बुटाची. टाच साधारण ६८ मिलिमीटर लांब, ६४ रुंद, उंची २६. यातला वरचा १६ मिलिमीटरचा पाया बुटाला कायमचा. तो भरीव एबीएसचा, म्हणजे एका कडक प्लास्टिकचा, असावा आणि आतून, पायतळाच्या पट्टीतून, पीळ असलेल्या चार-पाच खिळ्यांनी पक्का करावा. एबीएस पाणी फारसं पीत नाही आणि असा खिळा चांगला धरतो. उरलेली १० मिलिमीटरची चकती बदलायची: चार मिलिमीटरची रेल आणि खाली सहा मिलिमीटर रबर. रेलच्या कडा आत झुकलेल्या, साठ अंशात, म्हणजे ती खाली निसटत नाही. रेल पुढे ३८ मिलिमीटर रुंद आणि मागे ३२, लांबी ६०. हा निमुळतेपणा दोन्ही बाजूंना मिळून सहा अंशांच्या जवळ जातो, आणि तो असाच का, हे सांगायला हवं.

निमुळती रेल आत जाताना बराच वेळ सैल असते आणि शेवटच्या काही मिलिमीटरमध्येच घट्ट होते. काढतानाही तसंच, जरा हलली की सुटली. त्यामुळे वाळू असली तरी ती अख्ख्या लांबीभर घासत नाही. मोह होतो तो निमुळतेपणा अगदी कमी ठेवण्याचा, दर बाजूला एकच अंश, म्हणजे पकड घट्ट. तिथे पाऊस आडवा येतो. रेल नायलॉनची असेल तर नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत साध्या नायलॉनची ३६ मिलिमीटरची पट्टी पाव-अर्धा मिलिमीटर रुंदावणं काही विशेष नाही. एक अंशाच्या निमुळतेपणात रुंदी ०.१ मिलिमीटरने वाढली की रेल आपल्या जागेच्या जवळजवळ तीन मिलिमीटर अलीकडे अडकते. पाव मिलिमीटर वाढली तर सात. टाच पुढे डोकावणार, अडसराला टेकणारच नाही. दर बाजूला तीन अंश ठेवले तर तीच ०.१ मिलिमीटरची वाढ रेलला फक्त एक मिलिमीटर अडवते. म्हणून तीन अंश, शिवाय दोन्ही बाजूंना ०.२ मिलिमीटर मोकळीक, आणि नायलॉनमध्ये तीस टक्के काचतंतू, म्हणजे ते मुळात कमी पाणी पितं. रेल थांबायला हवी ती मागच्या अडसरावर. बाजूच्या कडांनी फक्त हात लावल्यासारखं करावं. अडसराची भिंत पाच मिलिमीटरची ठेवावी. तीनची ठेवली तर काही महिन्यांत तिच्या मुळाशी पांढरी रेघ दिसते, आणि त्या रेघेतूनच ती पुढे तुटते. आतल्या कोपऱ्याला एक मिलिमीटरची गोलाई दिली की ती रेघ येत नाही.

तीन अंश हा कोन प्लास्टिकवर प्लास्टिक घासण्याच्या मानाने लहानच आहे, म्हणजे एकदा दाबून बसलेली रेल आपोआप सुटत नाही. चालण्यासाठी हे चांगलं, काढताना मात्र पंचाईत. हातोडीने पुढे ठोकायचं तर मागे धरायला कड नाही, आणि स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की पायाच्या कडेला कायमचा दात पडतो. याला यंत्रशाळेतली जुनी युक्ती चालते. टाचेच्या पुढच्या उभ्या तोंडावर रेलला दोन भोकं ठेवायची. एक साधं आरपार. त्यातून स्क्रू जाऊन एबीएसच्या पायातल्या पितळी आट्यांत बसतो आणि रेल धरून ठेवतो. दुसऱ्या भोकाला रेलमध्येच आटे, पण त्याच्या समोर पाया सपाट. काढायच्या वेळी तोच स्क्रू पहिल्यातून काढून दुसऱ्यात पिळायचा. त्याचं टोक एबीएसच्या पायावर टेकतं आणि रेल स्वतःच पुढे सरकते. दोन-तीन मिलिमीटर सरकली की हाताने ओढून निघते. ठोकाठोकी नाही, उचकटणं नाही. एम-४ चा, म्हणजे चार मिलिमीटर जाडीचा, स्टेनलेस स्क्रू पुरतो. साधा लोखंडी वापरला तर पहिल्याच पावसात तो पितळात जाम होतो.

स्क्रूला हत्यार लावायचं कसं, हा वरवर किरकोळ दिसणारा प्रश्न खूप छळतो. बूट उलटा धरा. टाचेच्या तोंडासमोर बुटाची कंबर, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या मधला भाग, खोल गेलेली आणि तिच्यापुढे नऊ-दहा सेंटिमीटरवर चवड्याचा फुगवटा. सरळ स्क्रूड्रायव्हर लावावा तर त्याची मूठ चवड्याला अडते. एल आकाराची ॲलन चावी त्या जागेत मावते, पण ती सायकलवाल्याकडे असते, मोच्याकडे क्वचित. मला वाटतं भोकच पंधरा अंश तिरकं पाडावं, म्हणजे साधा स्क्रूड्रायव्हर चवड्याच्या वरून उतरतो, आणि डोक्याला सरळ रुंद खाच ठेवावी. या खाचेत चिखल आणि बारीक खडी घट्ट बसते. बसवल्यावर तिच्यात मेणबत्तीचं मेण भरून टाकायचं. काढायच्या दिवशी आरीच्या टोकाने मेण उकरलं की खाच नवी कोरी.

मघाशी म्हटलेली खोलगट टाच इथे कामी येते. रबराच्या चकतीला वरच्या बाजूने, अगदी कडेने, अर्धा मिलिमीटर उंचीचा ओठ ठेवायचा. चकती जागेवर बसली की तो ओठ एबीएसच्या पायावर दबतो आणि वाळूला वाट उरत नाही. पण रबर घासत सरकवणं म्हणजे त्रास. ओठ जागोजागी दुमडतो. म्हणून खाचेचा तळ एक-दीड अंश उतरता ठेवावा, म्हणजे ओठ शेवटच्या टप्प्यातच टेकतो, आणि बसवताना साबणाचं पाणी लावावं. ते वाळून जातं. तेल किंवा ग्रीस नको. तेलाने रबर फुगतं आणि ओठ लाटालाटांचा होतो.

रबराचं गणित मापाइतकं नेमकं नाही, तिथे पसंतीला जागा आहे. कडकपणा शोर ए मापावर ८५ ठेवला तर टाच पुष्कळ टिकते, पण मेट्रो स्थानकातल्या ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय दगा देतो. ६५ ठेवला तर पकड उत्तम आणि झीज भराभर. बदलती टाच असल्यावर माझा कौल सरळ मऊ बाजूला, ७० च्या आसपास. टाच झिजली म्हणून बूट जाणार नसेल, तर झिजू द्यावी. माणूस पडता कामा नये. काळं रबर कार्बन ब्लॅकमुळे टिकतं पण फिकट फरशीवर रेघा उमटवतं. दवाखान्यात, शाळेत वावरणाऱ्यांसाठी सिलिका घातलेलं तपकिरी रबर बरं. खालच्या बाजूच्या नक्षीत दोन-तीन मिलिमीटरच्या अरुंद खाचा ठेवल्या की खडी त्यात बरोबर अडकते. खाचा त्याहून रुंद कराव्यात, आणि त्यांच्या भिंती जरा पसरट, म्हणजे वाकताना खडा आपोआप बाहेर पडतो.

हे काम करणारी माणसं दूर शोधायला नकोत. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात गाड्यांचे रबरी बुश आणि माउंटिंग दाबून काढणारी लहान लहान युनिटं आहेत. धातूला किंवा नायलॉनला रबर कायमचं धरवणं हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांना चकतीचं चित्र द्यावं, ते पहिला प्रश्न विचारतील तो आकसण्याचा. थंड झाल्यावर रबर दीड ते अडीच टक्के आकसतं, साचा तेवढा मोठा पाडावा लागतो. रेलच्या अंगाला चार मिलिमीटरची उलटी निमुळती भोकं ठेवावीत, म्हणजे रबर त्यातून वाहून पलीकडे रुंद होतं आणि चिकटद्रव्य हरलं तरी जोड राहतो. रेलला द्रव्य लावल्यावर बोट लागू देऊ नये. बोटाचा तेलकटपणा पुरतो, तेवढ्याच जागी रबर सुटतं. एका चकतीला २७ ग्रॅम रबर लागतं असं धरलं तर साच्यात २९ ग्रॅमचा गोळा टाकायचा, वरचे दोन ग्रॅम कडेने पापुद्रा होऊन निघतात. गोळा नेमका २७ चा टाकला की कोपरा अपुरा राहतो. दीडशे अंशांवर आठ-दहा मिनिटं. या तापमानामुळेच रेल एबीएसची चालत नाही, ती साच्यात मऊ पडते. नायलॉन मात्र दोनशेच्या पुढेही तग धरतं. पहिल्या खेपेची एक चकती बळी देऊन उभी कापून पाहावी. मधोमध बारीक छिद्रं दिसली तर रबर आत कच्चं राहिलं आहे. मग रबर रेलवरून पकडीने सोलून काढावं. रबर फाटून रेलवर त्याचे तुकडे राहिले तर जोड पक्का. रेल स्वच्छ निघाली तर ती अख्खी खेप बाद.

टाच बदलता येते म्हटल्यावर पुढचा मोह लगेच येतो: मग उंचीही बदलूया, दिवसा अडीच सेंटिमीटर आणि संध्याकाळी लग्नाला पाच. हे करू नये. बूट पावलाच्या आकाराच्या ज्या फर्म्यावर चढवला जातो त्या फर्म्यातच टाचेची उंची ठरलेली असते, आणि बुटाच्या कंबरेतली पोलादी पट्टी त्याच कोनात वाकवलेली असते. टाच दोन सेंटिमीटर कमी केली की बुटाचं नाक आकाशाकडे जातं, वाढवली की कंबर जमिनीशी भांडते आणि काही दिवसांत पट्टी वाकते. तीन-चार मिलिमीटरपर्यंत फरक बूट सोसतो, पुढे नाही. एका ठिकाणी मात्र या थोड्याशा फरकाला मोठा अर्थ आहे. ज्यांचा एक पाय किंचित आखूड आहे, किंवा टाच आतल्या बाजूला पडते म्हणून जिची आतली कड पुढे वाढवली आहे अशी थॉमस हील घालावी लागते, त्यांचा सगळा उपचार पाच-सहा मिलिमीटरवर उभा असतो. टाच तीन मिलिमीटर झिजली की निम्मा उपचार संपला, आणि तो संपला हे कळतही नाही. गुडघा किंवा कंबर दुखायला लागते तेव्हा कळतं. अशा माणसाला नेमक्या मापाची चकती घरच्या घरी बदलता आली पाहिजे. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून ज्या शहरात आहे, तिथे हा विचार कुणाला परका वाटू नये.

वापराबद्दल थोडंसं. चकतीचा आकार डावी-उजवी सारखा ठेवला तर दोन बुटांच्या टाचा अदलाबदल करता येतात. बाहेरचा झिजलेला कोपरा आत येतो आणि न झिजलेला बाहेर. मात्र ही अदलाबदल दीड-दोन मिलिमीटर झीज असतानाच करावी. चार मिलिमीटर झिजलेला कोपरा आत आणला तर पाऊल आतल्या बाजूला कलतं, आणि घोट्याला ते मानवत नाही. म्हणून चकतीच्या मागच्या बाजूला दोन मिलिमीटरवर एक रेघ आणि चारवर दुसरी ओतून ठेवावी. पहिली पुसली की अदलाबदल, दुसरी पुसली की नवी जोडी. नवी चकती बसवल्यावर आठवड्याभराने स्क्रू एकदा पिळून पाहावा. रबराचा ओठ तेवढ्या दिवसांत आपली जागा घेतो आणि स्क्रू पाव फेरा मागतो. त्यानंतर सहसा मागत नाही.

आणि सुटे भाग. अशा टाचा चालल्या नाहीत त्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हे आहे, रबर किंवा जोड नव्हे. प्रत्येक कारखानदार आपली वेगळी रेल काढतो, दोन वर्षांनी ते मॉडेल बंद होतं, आणि ग्राहकाच्या पायात टाच नसलेला पाया उरतो. पुरुषांच्या सहा ते अकरा नंबरांना चकतीचे तीन आकार पुरतात: सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा. रेल मात्र तिन्हींना एकच असावी, सर्वांत लहान टाचेत मावेल अशी. कडा बुटाच्या कडेशी तंतोतंत जुळवण्याच्या नादी लागू नये. मोची मोठी चकती ठोकून रापीने कड कापतो आणि कानशीने साफ करतो, तसं इथे करता येत नाही. चकती पायापेक्षा सगळीकडून एक मिलिमीटर आत ठेवावी. त्या एका मिलिमीटरची सावली पडते आणि लहानसहान फरक तिच्यात लपून जातात. बुटाच्या खोक्यात एक जादा जोडी आणि दोन स्क्रू द्यावेत. चकतीच्या पोटावर, रबराखाली झाकली न जाणाऱ्या जागी, रेलची मापं ठळक कोरलेली असावीत: ३८-३२-६०, जाडी ४, स्क्रू एम-४. म्हणजे बूट करणारी कंपनी उद्या बंद पडली, तरी मंडईतल्या काकांनी ती चकती भोसरीला पाठवावी आणि साचेवाल्याने तिच्यावरून दुसरी पाडून द्यावी.